वसा-ऊतकातील हॉर्मोने व इन्शुलीन

वसा-ऊतकातील हॉर्मोने व इन्शुलीन : वसा-ऊतकातील (चरबी साठविणाऱ्या कोशिकांच्या समूहातील) कोशिकांत तयार होऊन रक्तात मिसळणारी हॉर्मोने (उत्तेजक स्राव) आणि अग्निपिंडातील लँगरहान्स द्वीपकांतून स्रवणारे इन्शुलीन यांचा परस्परसंबंध शरीरातील ऊर्जेचा साठा, भूक आणि रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण या तिन्हींच्या नियंत्रणाशी निगडित आहे. वसा-ऊतक म्हणजे केवळ चरबीचे कोठार, अशी समजूत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत सर्वसाधारणपणे प्रचलित होती. १९९४ नंतरच्या संशोधनाने ती बदलली व या ऊतकाची गणना अंतःस्रावी (वाहिनीविरहित) ग्रंथींच्या बरोबरीने होऊ लागली. स्थूलता आणि मधुमेह हे दोन विकार एकमेकांच्या सोबतीने का आढळतात, या जुन्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या परस्परसंबंधात सापडते.

वसा-ऊतकाचे स्वरूप : मानवी शरीरात या ऊतकाचे श्वेत व तपकिरी असे दोन मुख्य प्रकार आढळतात. श्वेत वसा-कोशिकेत चरबीचा एकच मोठा थेंब असून त्याने कोशिकेची बहुतेक सर्व जागा व्यापलेली असते. केंद्रक व इतर द्रव्य कडेला ढकलले गेल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ही कोशिका अंगठीसारखी दिसते. तपकिरी वसा-कोशिकेत अनेक लहान थेंब व विपुल कलकणू असतात आणि तिचे प्रमुख कार्य उष्णता निर्माण करणे हे होय. प्रस्तुत विवेचन मुख्यतः श्वेत प्रकारासंबंधी आहे. त्याचे त्वचेखालील व उदरपोकळीतील असे दोन साठे असून त्यांचे गुणधर्म सारखे नाहीत. एक ग्रॅम वसेपासून सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यामुळे ज्याच्या शरीरात १५ किग्रॅ. वसा आहे, अशा मध्यम बांध्याच्या मनुष्याजवळ सु. १,३५,००० किलोकॅलरी इतका साठा असतो. वसा-कोशिकांखेरीज या ऊतकात रक्तवाहिन्या, तंत्रिका (मज्जा), अपक्व कोशिका आणि महाभक्षी कोशिका (सूक्ष्मजंतू व मृत कोशिका गिळंकृत करणाऱ्या कोशिका) यांचाही समावेश होतो. ऊतकातून बाहेर पडणारा प्रत्येक पदार्थ वसा-कोशिकेतूनच आलेला असतो असे नाही, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

इतिहास : टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी जे. जे. आर्. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये इन्शुलीन मिळविले, जे. बी. कॉलिप यांनी ते शुद्ध केले व जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णास देण्यात आले. उपचार सुरू होताच रोडावलेल्या मधुमेही मुलांच्या अंगी पुन्हा चरबी धरू लागली, हे तेव्हाच दिसून आले होते. मात्र वसा-ऊतक इन्शुलिनाची आज्ञा पाळते इतकाच त्याचा अर्थ त्या वेळी लावला गेला. वसा-ऊतक उलट संदेशही पाठवीत असावे, ही कल्पना जी. सी. केनेडी यांनी १९५३ मध्ये मांडली. शरीरातील चरबीच्या प्रमाणाची वार्ता रक्तावाटे मेंदूस मिळते व त्यानुसार भूक कमीजास्त होते, असे त्यांचे अनुमान होते.

या अनुमानास प्रायोगिक आधार अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत मिळाला. तेथे १९५० मध्ये ‘ओबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिशय लठ्ठ उंदरांच्या वाणाचे वर्णन प्रसिद्ध झाले व पुढे १९६६ मध्ये तशाच लठ्ठ, पण मधुमेही अशा ‘डीबी’ या वाणाचे झाले. डग्लस कोलमन यांनी शस्त्रक्रियेने दोन उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडले. ओबी उंदीर निरोगी उंदरास जोडला असता त्याचे खाणे कमी होऊन वजन घटले. डीबी उंदरास जोडलेल्या निरोगी उंदराने मात्र अन्न वर्ज्य केले व तो उपासमारीने मेला. डीबीस जोडलेल्या ओबी उंदराचीही तीच गत झाली. यावरून ओबी उंदरात भूक आवरणाऱ्या एका पदार्थाचा अभाव असतो, तर डीबी उंदरात तो पदार्थ मुबलक असूनही त्याचा परिणाम होत नाही, असा निष्कर्ष कोलमन यांनी काढला. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये ओबी जीन (आनुवंशिक घटक) शोधून काढला. त्याच्याकडून निर्माण होणाऱ्या प्रथिनास ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टीन हे नाव देण्यात आले. कोलमन व फ्रीडमन यांना या कार्याबद्दल २०१० मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. लेप्टिनाच्या मागोमाग १९९५–९६ मध्ये अमेरिका व जपान येथील निरनिराळ्या गटांनी ॲडिपोनेक्टीन हे दुसरे महत्त्वाचे प्रथिन स्वतंत्रपणे शोधले.

इन्शुलिनाची वसा-कोशिकेवरील मूळ क्रिया : जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढताच इन्शुलीन स्रवते व वसा-कोशिकेच्या पृष्ठावरील ग्राहींना (विशिष्ट रेणू ओळखून त्यास बद्ध होणाऱ्या प्रथिनांना) चिकटते. त्यामुळे कोशिकेत एकामागून एक प्रथिने क्रियाशील होत जाणारी संदेशमालिका सुरू होते. तिचे तीन परिणाम प्रमुख आहेत : (१) कोशिकेच्या आत राखून ठेवलेली ग्लुकोजवाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात व ग्लुकोज आत घेतले जाते, (२) केशवाहिन्यांतील लिपोप्रोटीन लायपेज या एंझाइमाची (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाची) क्रिया वाढून रक्तातील वसेचे विघटन होते व मिळालेली वसाम्ले कोशिकेत साठविली जातात, (३) साठविलेल्या वसेचे विघटन थांबते. यांपैकी तिसरा परिणाम घडण्यास इन्शुलिनाचे अत्यल्प प्रमाणही पुरेसे असते. म्हणूनच उपाशीपोटी असलेले थोडे इन्शुलीनदेखील वसाम्लांचा लोंढा रोखून धरते. त्याचा पूर्ण अभाव झाला म्हणजे वसाम्ले यकृतात येऊन कीटोन पदार्थ बनतात व मधुमेही रुग्णाच्या जिवास धोका उत्पन्न होतो [⟶ मधुमेह].

जेवणानंतर रक्तातून काढून घेतल्या जाणाऱ्या ग्लुकोजाचा मोठा वाटा स्नायूंकडे जातो. वसा-ऊतकाकडे थोडाच जातो. असे असूनही २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केवळ वसा-कोशिकांतील ग्लुकोजवाहक प्रथिन नाहीसे केले असता उंदरांचे स्नायू व यकृत हेदेखील इन्शुलिनास दाद देईनासे झाले. दूरच्या इंद्रियांवर झालेला हा परिणाम वसा-ऊतकातून निघणाऱ्या संदेशांवाचून समजावून देता येत नाही.

लेप्टीन : हे १४६ ॲमिनो अम्लांचे प्रथिन असून ते मुख्यतः वसा-कोशिकांत, त्यांतही उदरपोकळीतील साठ्यापेक्षा त्वचेखालील साठ्यात अधिक, तयार होते. ते मेंदूतील अधोथॅलॅमस या भागावर क्रिया करून भूक कमी करते. रक्तातील त्याचे प्रमाण प्रत्येक मिलि.मध्ये काही नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जांश भाग) इतके असून ते शरीरातील एकूण वसेच्या प्रमाणात वाढते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त असते.

मात्र लेप्टीन केवळ साठा किती आहे तेवढेच सांगते असे नाही. निरोगी व्यक्तींनी दोन दिवस उपवास केला असता रक्तातील लेप्टीन निम्म्याहून अधिक घटते. इतक्या अवधीत शरीरातील वसा फारच थोडी कमी झालेली असते. उपवासाच्या काळात शिरेतून ग्लुकोज देऊन ग्लुकोजाची व इन्शुलिनाची पातळी टिकवून धरल्यास ही घट होत नाही, असे १९९६ मध्ये दाखवून देण्यात आले. म्हणजे लेप्टिनाच्या स्रवणाची दोरी काही अंशी इन्शुलिनाच्या हाती असते. याच्या पुष्टीसाठी इतरही पुरावे आहेत. इन्शुलिनाचा अभाव असलेल्या उपचारपूर्व मधुमेही मुलांत लेप्टीन कमी आढळते व इन्शुलीन दिल्यावर ते वाढते. याउलट, इन्शुलीन स्रवणारे अर्बुद (गाठ) असलेल्या रुग्णांत ते वाढलेले असते व अर्बुद काढून टाकल्यावर उतरते. फ्रुक्टोजामुळे इन्शुलीन फारसे स्रवत नाही. निरोगी स्त्रियांना जेवणासोबत एका दिवशी ग्लुकोजयुक्त व दुसऱ्या दिवशी फ्रुक्टोजयुक्त पेये दिली असता फ्रुक्टोजाच्या दिवशी इन्शुलीन व लेप्टीन ही दोन्ही कमी राहिली, असे २००४ मध्ये नमूद झाले आहे.

हा परिणाम तत्काळ होत नाही. इन्शुलीन ठराविक वेगाने शिरेतून सोडावयाचे व त्याच वेळी ग्लुकोज देत राहून रक्तातील ग्लुकोजाची पातळी स्थिर ठेवावयाची, अशी एक पद्धत राल्फ डिफ्रॉन्झो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये वर्णन केली. तिच्या साहाय्याने केलेल्या बऱ्याच प्रयोगांत पहिल्या दोन-तीन तासांत लेप्टिनात लक्षणीय फरक दिसला नाही. कित्येक तासांनंतर मात्र ते वाढत गेले. निरोगी मनुष्यात लेप्टिनाची पातळी मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत जास्त असते. जेवणाच्या वेळा काही तासांनी पुढे ढकलल्यास तिची उच्चतम वेळही पुढे सरकते. दिवसभराच्या जेवणांचा व त्यांमागोमाग आलेल्या इन्शुलिनाचा हिशेब अशा रीतीने रात्री मेंदूपर्यंत पोहोचतो. वेगळ्या काढून संवर्धनात ठेवलेल्या वसा-कोशिकांत ग्लुकोजाचा वापर रोखून धरला, तर इन्शुलीन असूनही लेप्टीन पुरेसे स्रवत नाही. यावरून इन्शुलिनाचा परिणाम काही अंशी कोशिकेतील ग्लुकोजाच्या चयापचयामार्फत (शरीरात सतत होणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडींमार्फत) होतो, असे दिसते. ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातील हॉर्मोने सोबत असल्यास मानवी ऊतकात तो अधिक ठळक होतो. उलट दिशेने, लेप्टीन हे द्वीपकांतील बीटा कोशिकांवर क्रिया करून इन्शुलिनाचे स्रवण कमी करते व अशा प्रकारे परस्परनियंत्रणाचे एक वर्तुळ पूर्ण होते.

ॲडिपोनेक्टीन : मानवी ॲडिपोनेक्टिनात २४४ ॲमिनो अम्ले असतात. रक्तात त्याचे रेणू सुटे नसून तीन, सहा किंवा त्याहून अधिक एककांच्या समूहांत आढळतात. रक्तातील त्याचे प्रमाण प्रत्येक मिलि.मध्ये काही मायक्रोग्रॅम, म्हणजे लेप्टिनाच्या सु. हजारपट असते. यकृत व स्नायू यांवरील त्याचे दोन ग्राही २००३ मध्ये जपानी संशोधकांनी शोधले. ॲडिपोनेक्टिनामुळे स्नायूंत वसाम्लांचे ज्वलन वाढते, यकृतातून होणारी ग्लुकोजाची निर्मिती कमी होते आणि इन्शुलिनाची परिणामकारकता वाढते. बहुतेक वसा-हॉर्मोने स्थूलतेबरोबर वाढतात. ॲडिपोनेक्टीन मात्र कमी होते.

इन्शुलीन ॲडिपोनेक्टीन वाढविते की घटविते, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाच्या पद्धतीनुसार बदलते. उंदरांच्या संवर्धित वसा-कोशिकांवरील काही प्रयोगांत इन्शुलिनाने ॲडिपोनेक्टिनाच्या जीनाची अभिव्यक्ती घटली; तर मानवी उदरपोकळीतील वसा-ऊतकाच्या तुकड्यांवर इन्शुलिनाची क्रिया होऊ दिली असता उत्पादन वाढल्याचे आढळले. जिवंत मनुष्यात शिरेवाटे इन्शुलीन दिल्यास रक्तातील ॲडिपोनेक्टीन थोडे उतरते. काचपात्रात वेगळी काढलेली कोशिका आणि रक्तपुरवठा, तंत्रिका व शेजारच्या कोशिका यांसह नांदणारे ऊतक यांत भेद असल्यामुळे, तसेच उंदीर व मनुष्य यांच्या कोशिका एकसारख्या नसल्यामुळे एका प्रकारच्या प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्यास सरसकट लावता येत नाही.

या कोड्यावर काही दुर्मिळ आनुवंशिक विकारांनी प्रकाश टाकला. ज्यांच्या इन्शुलीन-ग्राहीतच जन्मजात दोष असतो, अशा रुग्णांत इन्शुलिनास तीव्र विरोध असूनही ॲडिपोनेक्टीन कमी न होता उलट वाढलेले आढळते. पहिल्या प्रकारच्या (इन्शुलिनाचा अभाव असलेल्या) मधुमेहातही ते जास्त असते. यावरून मनुष्यात इन्शुलिनाची दीर्घकालीन क्रिया ॲडिपोनेक्टिनास दाबून धरते, असे अनुमान निघते. मग सर्वसामान्य स्थूल व्यक्तीत, जिचे ऊतक इन्शुलिनास पुरेशी दाद देत नाही, ते कमी का असावे? याचे एक स्पष्टीकरण असे : इन्शुलीन-विरोध सर्व संदेशमार्गांत सारखा नसतो. ग्लुकोज आत घेण्याचा मार्ग मंदावतो, पण इतर मार्ग चालू राहतात. ग्लुकोजाची पातळी सावरण्यासाठी अग्निपिंड जास्त इन्शुलीन स्रवते व ते चालू असलेल्या मार्गांवर अधिकच परिणाम करते. ॲडिपोनेक्टीन कमी असणे हे मधुमेहाचे कारण की त्याचे केवळ लक्षण, हाही प्रश्न उरतो. जन्मतःच ॲडिपोनेक्टीन कमी ठेवणारी जीन-रूपे असलेल्या व्यक्तींत मधुमेहाचे प्रमाण त्यामुळे वाढत नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आनुवंशिक पाहणीत दिसले. त्यामुळे दुसऱ्या शक्यतेस बळ मिळाले.

इतर स्राव : ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-आल्फा हा शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न करणारा पदार्थ स्थूल प्राण्यांच्या वसा-ऊतकात तयार होतो व इन्शुलिनाच्या कार्यात अडथळा आणतो, असे १९९३ मध्ये आढळले. इंटरल्यूकीन-६ हा तशाच प्रकारचा आणखी एक पदार्थ असून रक्तातील त्याचा बराच भाग वसा-ऊतकातून येतो. स्थूलतेत या ऊतकात महाभक्षी कोशिकांची गर्दी होते, हे २००३ मध्ये दाखविण्यात आल्यावर या स्रावांचा उगम स्पष्ट झाला. रक्ताची गुठळी विरघळण्यास विरोध करणारे एक प्रथिनही वसा-ऊतकात तयार होते व इन्शुलिनामुळे त्याचे उत्पादन वाढते; स्थूल व्यक्तींत हृदयविकाराचा धोका वाढण्याशी त्याचा संबंध जोडला जातो.

रेझिस्टीन या प्रथिनाचा शोध २००१ मध्ये लागला, तेव्हा स्थूलता व मधुमेह यांना सांधणारा दुवा सापडला असे वाटले होते. पण उंदरात ते वसा-कोशिकांत तयार होते, तर मनुष्यात मुख्यतः महाभक्षी व तत्सम कोशिकांत. त्यामुळे उंदरांवरील निष्कर्ष मनुष्यास जसेच्या तसे लागू पडले नाहीत. व्हिस्फॅटीन नावाचे प्रथिन इन्शुलिनाच्या ग्राहीस चिकटून इन्शुलिनासारखेच कार्य करते, असा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला दावा त्याच्या लेखकांनी २००७ मध्ये मागे घेतला.

इन्शुलीन-विरोधाचे दुष्टचक्र : गरजेपेक्षा अधिक ऊर्जा सतत मिळत राहिल्यास वसा-कोशिका फुगतात. साठविण्याची मर्यादा गाठलेल्या कोशिकेवर इन्शुलिनाचा परिणाम कमी होतो, वसेचे विघटन पुरते थांबत नाही व वसाम्ले यकृत आणि स्नायू यांत साचू लागतात. त्याच सुमारास ऊतकातील शोथकारक स्राव वाढतात व ॲडिपोनेक्टीन घटते. लेप्टीन वाढलेले असते. पण मेंदू त्यास दाद देत नाही (लेप्टीन-विरोध). अग्निपिंड अधिकाधिक इन्शुलीन स्रवून काही वर्षे तोल सांभाळते. बीटा कोशिकांची क्षमता संपली, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह प्रकट होतो.

चरबी जास्त असणे जसे घातक, तसेच ती मुळीच नसणेही घातक असते. जन्मजात वसाहीनता या दुर्मिळ विकारात वसा-ऊतक जवळजवळ नसतेच. अशा कृश रुग्णांत यकृतात वसा साचून तीव्र मधुमेह होतो. योग्य जागी साठलेली वसा व तिचे संदेश हे आरोग्यास आवश्यक आहेत, याचा हा पुरावा होय.

वैद्यकीय महत्त्व : इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधकांनी १९९७ मध्ये लेप्टिनाचा जन्मजात अभाव असलेल्या, एकमेकांच्या नात्यातील दोन मुलांचे वर्णन केले. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किग्रॅ. व दोन वर्षांच्या मुलाचे २९ किग्रॅ. होते. जन्माच्या वेळी दोघांचीही वजने सर्वसामान्य होती. नंतर मात्र त्यांची भूक कधीच शमत नसे. लेप्टिनाची इंजेक्शने सुरू केल्यावर त्या मुलीची भूक आवरली व एका वर्षात वजन १६ किग्रॅ.हून अधिक घटले. खादाडपणा हा स्वभावदोष किंवा पालकांची हयगय समजली जात असताना, त्यामागे एका हॉर्मोनाचा अभाव असू शकतो, हे या उदाहरणाने सिद्ध झाले. सर्वसामान्य स्थूलतेत मात्र लेप्टीन आधीच वाढलेले असल्यामुळे ते बाहेरून देण्याचा फारसा उपयोग होत नाही, असे १९९९ मधील चाचणीत आढळले. वसाहीनतेच्या रुग्णांत ते गुणकारी ठरले असून त्यासाठी त्याच्या कृत्रिम रूपास जपानमध्ये २०१३ मध्ये व अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. पायोग्लिटाझोन या औषधाने त्वचेखाली नव्या, लहान वसा-कोशिका तयार होण्यास चालना मिळते व ॲडिपोनेक्टीन वाढते. वजन थोडे वाढूनही इन्शुलिनाची परिणामकारकता सुधारते. इन्शुलीन एकाच जागी वारंवार टोचल्यास तेथे चरबीची गाठ बनते. इन्शुलिनाच्या वसासंचयी क्रियेचे हे डोळ्यांना दिसणारे उदाहरण असून अशा गाठीतून औषधाचे शोषण अनियमित होते. म्हणून टोचण्याची जागा बदलत राहणे आवश्यक असते.

भारतीयांच्या दृष्टीने या विषयास विशेष महत्त्व आहे. पुणे येथील के. ई. एम्. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत पुणे परिसरातील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली आढळली. नाळेतील रक्तात इन्शुलिनाचे प्रमाणही जास्त होते. २००४ मध्ये याज्ञिक व लंडनमधील संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२·३ होता; पण शरीरातील वसेचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीय व्यक्तीस तुलनेने कमी वयात व कमी वजनातही मधुमेह होतो, याचा उलगडा यावरून काही अंशी होतो. केवळ वजनकाट्यावर विसंबून न राहता कमरेचा घेर मोजणे, गर्भवतीच्या पोषणाकडे लक्ष देणे आणि शारीरिक श्रमाने स्नायू बळकट राखणे, या उपायांचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे. व्यायामामुळे स्नायू इन्शुलिनावाचूनही ग्लुकोज घेऊ लागतात. परिणामी अग्निपिंडावरील भार हलका होतो व वसा-ऊतकास अतिरिक्त साठा करण्याची वेळ येत नाही.